बाबू, बीबी आणि एम-पेसा

आम्ही दोघं मोंबासाला मिशनसेवेत दोन वर्षं राहून आलो. आल्यापासून चर्चच्या मंडळीतलं एखादं निवृत्त जोडपं भेटतं आणि विचारतं, "बाई, तिकडे जाताना काय काय न्यायचं?" मच्छरदाणी, कुकरच्या जादा रिंगा, बीपीच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, ही यादी मी हल्ली झोपेतही सांगेन. पण आम्हाला कोणी न सांगितलेली गोष्ट वेगळीच होती. केनियात उतरल्यावर पहिल्या आठवड्यात एम-पेसा सुरू करून घ्या. तोवर तुम्ही तिथे राहत नाही, तुम्हाला कोणीतरी सांभाळत असतं. म्हणून हा एम-पेसाचा रिव्ह्यू, साठीच्या पुढच्या माणसांसाठी.

आधी आमच्याविषयी, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. मी नर्स, शेवटची काही वर्षं मेट्रन. हे बँकेत कॅशियर, चौतीस वर्षं एकाच जाळीमागे. नोटांचं बंडल हातात घेऊन नुसत्या वजनावरून एक नोट कमी आहे म्हणणारा माणूस. तिकडे माझं काम लिकोनीच्या दवाखान्यात बाळ-बाळंतिणींचं आणि यांचं काम चर्चच्या हिशेबांचं. फोनमधल्या पैशावर यांचा काडीइतका विश्वास नव्हता. "ज्याला थुंकी लावून मोजता येत नाही तो पैसा कसला?" हे यांचं वाक्य.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एम-पेसा म्हणजे मोबाइल कंपनीच्या सिमकार्डावर चालणारं पैशाचं खातं. सफारीकॉम या केनियातल्या मोबाइल कंपनीने ते मार्च 2007 मध्ये सुरू केलं. आपलं यूपीआय 2016 चं, म्हणजे ते नऊ वर्षांनी मोठं. पण खरा फरक वयाचा नाही. यूपीआयला बँकेचं खातं लागतं, इथे लागत नाही. स्मार्टफोनही लागत नाही. बटणांचा, टॉर्चवाला फोन चालतो. तिकडे त्या फोनला गमतीने 'मुलिका म्विझी' म्हणतात, म्हणजे चोरावर बॅटरी मारणारा. पैसे भरायचे आणि काढायचे ते टपरीवरच्या एजंटाकडे. 2005 मध्ये चाचणी घेतली ती छोट्या कर्जांचे हप्ते फेडण्यासाठी. लोकांनी मात्र ते गावाकडे पैसे पाठवायला वापरलं, आणि मग कंपनीनेही तेच धरलं. 'एम' मोबाइलचा आणि 'पेसा' म्हणजे स्वाहिलीत पैसा. शब्द ऐकून मला पहिल्याच दिवशी धीर आला. तिकडे दुकानाला डुका म्हणतात, हिशेबाला हेसाबू, साबणाला साबुनी, विम्याला बीमा, आंब्याला एम्बे. आजीला बीबी म्हणतात आणि आजोबांना बाबू. यांना कोणी 'बाबू' म्हटलं की हे महिनाभर चिडत होते, आपल्याला क्लार्क समजतात म्हणून.

पहिले बारा दिवस आमच्याकडे एम-पेसा नव्हतं. ते दिवस आठवले की मला अजून ओशाळल्यासारखं होतं. चर्चचे पाळक (त्यांच्याकडे म्चुंगाजी, अर्थ तोच, मेंढपाळ) आमच्याबरोबर यायचे आणि सगळीकडे तेच पैसे द्यायचे. टुकटुकचे, पाण्याचे, भाजीचे. मी पर्समधून हजाराची नोट काढायची आणि समोरचा मान हलवायचा, सुटे नाहीत. सुटे कोणाकडेच नसतात, कारण लागतच नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांना सलाइन लावलेल्या बाईला कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाळकांच्या तोंडाकडे बघावं लागत होतं.

तेराव्या दिवशी पासपोर्ट घेऊन सिम घ्यायला गेलो. परदेशी माणसाला पासपोर्टावर नोंदणी करता येते. फोटो काढला, चार आकडी पिन ठरवला, झालं. यांनी पिन टाकताना माझ्याकडे पाठ केली. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती.

आम्ही राहायचो ती वस्ती फ्रेरेटाउन. मुख्य रस्त्याला लागून एक जुनी घंटा आहे, तिच्यावरून त्या चौकाचं नावच पडलं केंगेलेनी, म्हणजे घंटेपाशी. गुलामांचे व्यापारी येताना दिसले की ती वाजवायचे, असं तिथले लोक सांगतात. वस्ती वसवली ती चर्च मिशनरी सोसायटीने, 1875 च्या सुमारास, सुटका झालेल्या गुलामांसाठी. नाव दिलं बार्टल फ्रियर यांचं, जे आधी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. आणि ज्यांच्या हातांनी ती उभी राहिली त्यांतले कितीतरी जण नाशिकहून गेलेले. सुटका झालेल्या आफ्रिकन मुलांना नाशिकजवळच्या शरणपूरला मिशनच्या शाळेत ठेवत, सुतारकाम, लोहारकाम शिकवत. तीच माणसं पुढे मोंबासाला आली. तिकडे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणत. आफ्रिकेत वारलेल्या लिव्हिंगस्टन या मिशनरी संशोधकाच्या शवाबरोबर इंग्लंडपर्यंत गेलेला जेकब वेनराइट त्याच शाळेतला. म्हणजे परदेशात जाऊन सेवा करणारे पहिले आपणच, असं मनात घेऊन निघालेल्या आम्हाला, दीडशे वर्षांपूर्वीच नाशिकहून माणसं येऊन गेल्याचं एका टुकटुकच्या थांब्यावर कळलं.

तर त्या घंटेपासून चार पावलांवर आमच्या एजंटची हिरवी टपरी. टपरीत एक मुलगी, जाळी, आणि जाळीमागे एक रजिस्टर. जाळी पाहूनच हे जरा निवळले. ती पहिल्यांदा आम्हाला 'शिकामू' म्हणाली. किनाऱ्यावर मोठ्या माणसांना असंच म्हणतात, पाय धरते असा काहीसा त्याचा अर्थ. आपण 'मराहबा' म्हणायचं. मग तिने रजिस्टर उघडलं. तारीख, पासपोर्ट नंबर, फोन नंबर, रक्कम, सही. बॉलपेनने, पट्टीने आखलेल्या रकान्यांत. यांनी चष्मा लावून ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं, दोन बेरजा तोंडी करून पाहिल्या आणि जुळल्या म्हणून मान डोलावली. मुलगी हसून म्हणाली, "बाबू, वेवे नी म्कागुझी?" ऑडिटर आहात का? त्या दिवसापासून बाबू या शब्दाची तक्रार बंद.

पुढे यांनीच मला फ्लोट समजावला. एजंटकडे दोन गल्ले असतात, एक नोटांचा, एक फोनमधला. तुम्ही रोख भरली की तिच्या फोनमधले पैसे कमी होऊन तुमच्या फोनमध्ये येतात आणि नोटा तिच्याकडे साचतात. काढलेत की उलटं. त्यामुळे कधी ती म्हणते "फ्लोट संपला", म्हणजे आज भरणा घेता येणार नाही. कधी म्हणते रोकड नाही, म्हणजे काढता येणार नाही. मोठी रक्कम काढायची असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवावं, हा माझा सल्ला. ग्राहकांचे पैसे कंपनीच्या तिजोरीत राहत नाहीत, ट्रस्टच्या नावावर बँकांत ठेवलेले असतात, हे कळल्यावर तर यांनी वहीच घातली. दोनशे पानी, लाल कापडी पाठीची. प्रत्येक व्यवहाराचा मेसेज येतो, त्यात दहा अक्षर-आकड्यांचा कोड, रक्कम, समोरच्याचं नाव, शिल्लक, शुल्क. सगळं असताना हे ते पुन्हा वहीत उतरवायचे. "मेसेज डिलीट होतो, वही होत नाही."

आता रोजचा दिवस. सकाळी सहाला कोपऱ्यावरच्या बाईकडून महाम्री आणि म्बाझी. महाम्री म्हणजे वेलची घातलेल्या, फुगलेल्या, किंचित गोड पुऱ्या समजा. म्बाझी म्हणजे तुरीचे दाणे, नारळाच्या दुधात शिजवलेले. तूरच ती, पण वरणाच्या पलीकडे तिचं असं काही होऊ शकतं हे मला पासष्टाव्या वर्षी कळलं. बाईच्या टेबलाला तिचा नंबर चिकटवलेला. शंभर शिलिंगपर्यंत पाठवायला शुल्क नाही, त्यामुळे नाश्त्याचा हिशेब चोख. आठला पाणीवाला हातगाडीवर पिवळे वीस लिटरचे डबे घेऊन यायचा. मोंबासात नळाला पाणी येईलच असं नाही, पाण्याचा माणूस धरूनच ठेवावा लागतो. त्याने पहिल्यांदा सांगितलं, "सा म्बिली" येतो, शब्दशः दोन वाजता. आम्ही दुपारी दोनला दारात. तो सकाळी आठला येऊन गेलेला! स्वाहिलीत दिवस सकाळी सहापासून मोजतात; सात म्हणजे एक, आठ म्हणजे दोन. दवाखान्यात गोळ्यांच्या वेळा सांगताना मी हे कधी विसरले नाही.

मग माटाटूने, म्हणजे तिथल्या खाजगी मिनीबसने, न्याली पुलावरून मोंबासा बेटावर, आणि बेटाच्या दुसऱ्या टोकाला लिकोनीची फेरी. फेरीला पायी माणसाला पैसे पडत नाहीत. माटाटूत मात्र सुटे ठेवा. कंडक्टर एका हाताने दाराला लटकलेला असताना बीबी चष्मा शोधून पिन टाकतेय, हे मागच्या माणसांना परवडत नाही. भाजी कोंगोवेआच्या बाजारातून. कापडी पिशवी घरूनच न्यायची, केनियात 2017 पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. आम्हाला मिशनरी म्हणून 'क्लास आय' परमिट होतं, त्याचं सरकारी शुल्कसुद्धा फोनवरूनच भरलं. दानार्पणाच्या वेळी चर्चमध्ये थाळी फिरायची खरी, पण भिंतीवर पेबिल नंबरही, म्हणजे संस्थेला फोनवरून थेट पैसे भरायचा नंबर, लावलेला. उपासनेत सगळ्यांनी एकदम फोन काढले की सुरुवातीला माझ्यातली मेट्रन जागी व्हायची.

विजेचं सांगते, कारण ते तुम्हालाही होणार. मीटर प्रीपेड. पेबिलमध्ये मीटर नंबर टाकून पैसे भरले की वीस आकड्यांचं टोकन येतं, ते मीटरच्या बटणांवर दाबायचं. फेब्रुवारीतली रात्र, उकाडा असा की भिंतीला हात लावला तर ओला लागावा, आणि पंखा हळूहळू थांबला. चूक आमचीच, शिल्लक युनिट बघायला विसरलो होतो. यांनी पैसे भरले, टोकन आलं. मीटर दाराच्या मागे, माझ्या डोक्याच्या उंचीवर. हे फोन धरून वाचणार, मी दाबणार. "चार सात शून्य तीन." दाबलं. "आठ आठ एक." अहो, चार-चार सांगा ना, तीन का? "मग चुकलं का?" चुकलं. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा सोळा आकड्यांपर्यंत पोचलो आणि फोनचा दिवा गेला. यांनी स्क्रीन चालू करेपर्यंत मीटरने आमचे सोळा आकडे पुसले. तिसऱ्यांदा यांनी टोकन आधी वहीत लिहून काढलं, चार-चारचे पाच गट, ठळक, आणि मेणबत्ती धरली. विसावा आकडा दाबला आणि पंखा फिरला. त्यानंतर प्रत्येक टोकन आधी वहीत, मग मीटरवर. तुम्हीही तसंच करा.

पण एम-पेसा मला खरं कळलं ते हरांबेमुळे. हरांबे म्हणजे सगळ्यांनी मिळून ओढायचं. केनियाच्या राजचिन्हावरच तो शब्द आहे. कोणाचं ऑपरेशन, कोणाचं लग्न, कोणाची मयत, वर्गणी उभी राहते. गायकमंडळातल्या एका मुलाची आई दवाखान्यात होती आणि बिल भरल्याशिवाय घरी नेता येईना. बँकेतला माणूस म्हणून यांना खजिनदार केलं, म्हणजे यांचा नंबर सगळ्यांना गेला. संध्याकाळी सातला पहिला मेसेज वाजला आणि मग रात्री साडेअकरापर्यंत फोन टेबलावर सरकत राहिला. पाचशे. दोनशे. हजार. पन्नास. ग्रुपवर दर अर्ध्या तासाने नावं आणि रकमांची यादी टाकायची पद्धत, हे वहीतून वाचायचे आणि मी टाइप करायची. एकाने वीस शिलिंग पाठवले. मी म्हटलं, वीसही लिहायचे? यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट लिहिले. तो वीस शिलिंगवाला आमचाच पाणीवाला होता, हे मेसेजातलं पूर्ण नाव वाचून कळलं. इतके महिने आम्ही त्याला नुसतं 'पाणी' म्हणत होतो. त्याचं आजोबांपासूनचं तिहेरी नाव आम्हाला त्या रात्री फोनने सांगितलं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. नंबर सगळ्यांकडे गेला की मागणीही येते. शाळेची फी, औषध, कधी नुसतंच "बीबी, काही पाठव." जगभरातून आलेल्या मिशनरी माणसाकडे पैसा असतो असं समजतात, आणि त्यांच्या मानाने असतोही. फोनवर नाही म्हणणं तोंडावर नाही म्हणण्यापेक्षा अवघड, कारण खिशात नाही म्हणून सुटता येत नाही. आम्ही शेवटी दोघांत ठरवलं, महिन्याला अमुक रक्कम, ती संपली की पाळकांकडे पाठवायचं. तुम्ही जायच्या आधीच ठरवा.

माझी चूक घडली ती आठव्या महिन्यात. पाणीवाल्याचे महिन्याचे दोन हजार पाठवायचे होते. नंबर दाबताना एक आकडा चुकला. पाठवायच्या आधी समोरच्याचं नाव दाखवतात, म्हणजे सोय आहे; मी चष्म्याशिवाय 'हो' केलं. 'कन्फर्म्ड' मेसेजात भलत्याच बाईचं नाव. माझे हातपाय गार. अशा वेळी तो मेसेज 456 ला पुढे पाठवायचा, म्हणजे पैसे परत मागवता येतात. मी ते करायच्या आतच फोन वाजला. दूर पश्चिमेकडून, किसुमूहून, एक बाई बोलत होती. "बीबी, उमेकोसेआ." आजी, तुमची चूक झाली. बीबी तिला माझ्या 'हॅलो'वरूनच कळली असणार. पाच मिनिटांत पैसे परत आले, 1,967. म्हणजे पाठवणावळीचे 33 तिने कापून घेतले होते. मी म्हटलं, बघा, किती प्रामाणिक. हे म्हणाले, "आणि किती व्यवहारी. हिला मी काउंटरवर घेतली असती." वहीत तिचं नाव, नंबर आणि पुढे 33.

आणि दोनच आठवड्यांनी उलटा मेसेज. अमुक हजार शिलिंग तुमच्याकडे आले, आणि लगेच फोन, चुकून पाठवले हो, परत करा. मी किसुमूच्या बाईला स्मरून पाठवायलाच निघाले होते. यांनी शिल्लक बघितली. एक शिलिंगही वाढला नव्हता. मेसेज एम-पेसाच्या नावाने आलेलाच नव्हता, साध्या नंबरवरून आलेला. फसवणारे लोक तिकडे इतके जुने आहेत की त्यांचं वाक्य विनोदासारखं वापरतात, "इले पेसा टुमा क्वा हिई नंबा", ते पैसे या नंबरवर पाठव. तेव्हा आधी शिल्लक, मग दया. आणि खरंच कोणाचे चुकून आले असतील तरी परत करणं 456 च्या मार्गाने होऊ द्यावं, असं आमची टपरीवाली सांगायची.

शुल्काचं एकदाच सांगते. आम्ही होतो तेव्हा हजार शिलिंग पाठवायला 13 आणि एजंटकडून काढायला 29 पडत. भरायला काही नाही. यूपीआयची सवय असलेल्याला हे टोचतं. उपाय सोपा आहे, काढूच नका, थेट द्या. मेनू इंग्रजीत किंवा स्वाहिलीत असतो. अक्षरं बारीक, त्यामुळे पाठवायच्या आधी नाव मोठ्याने वाचायची सवय लावा. पिन कोणालाही सांगू नका, टपरीवालीलाही नाही. (नवऱ्याला सांगावा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. मला यांचा अजून माहीत नाही.) पाचपैकी किती तारे विचाराल तर मी साडेचार देते. अर्धा तारा त्या बारीक अक्षरांचा.

निघायच्या आदल्या दिवशी खातं रिकामं करायला टपरीवर गेलो. यांनी काढता येतील तेवढे काढले, रजिस्टरवर शेवटची सही केली. माझ्या खात्यात 41 शिलिंग उरले. पन्नासच्या खाली एजंटकडून काढता येत नाहीत. मुलगी म्हणाली, राहू द्या बीबी, पुन्हा याल तेव्हा लागतील. हे म्हणाले, शिल्लक ठेवून खातं सोडायचं नाही. शंभरच्या आत पाठवणं फुकट, मग कोणाला तरी पाठवू. यांनी वही चाळली आणि बोट ठेवलं. मी चष्मा लावला, नंबर दाबला, आलेलं नाव मोठ्याने वाचलं आणि 41 शिलिंग किसुमूला पाठवले.

आम्ही टपरीवरून हललोही नव्हतो, तेवढ्यात फोन वाजला.

"बीबी," ती म्हणाली, "उमेकोसेआ टेना?" पुन्हा चुकलात का?